ऑटोमॅटिक डब्ल्यू १२३ मर्सिडीज मॅन्युअल करायची तर बंद झालेले पार्ट कुठून आणि कसे जमवायचे

मर्सिडीजची डब्ल्यू १२३ म्हणजे १९७६ ला आलेली चौकोनी गाडी, २००, २३०ई, २४०डी, ३००डी वगैरे, सगळ्या बॉडी धरून जवळपास २७ लाख बनल्या. आपल्याकडे ज्या आहेत त्यातल्या बऱ्याच डिझेल, आणि त्यातली ऑटोमॅटिक असेल तर आज ना उद्या तोच प्रश्न येतो, गिअरबॉक्स स्लिप होतोय, रिबिल्ड करणारा भरवशाचा माणूस मिळत नाही, आणि ६५ च्या आसपास हॉर्सपॉवरच्या २४०डी ला ऑटोमॅटिक लावल्यावर चढावर गाडी जीव टाकते. मग कोणीतरी म्हणतं मॅन्युअल करून टाका. करता येते, आणि छान होते, कारण कंपनीने हीच बॉडी मॅन्युअलमध्ये पण विकलेली आहे म्हणजे सगळे पार्ट एकेकाळी कारखान्यातूनच आलेले आहेत, जुगाड काही करायचा नाहीये. अडचण एवढीच की त्यातले बरेच पार्ट कंपनीने बनवायचे बंद केलेत.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी शोधा. लोक उलटं करतात, आधी गिअरबॉक्स विकत घेतात कारण तो दिसायला मोठा आणि महत्त्वाचा, आणि मग गाडी दोन-दोन वर्ष गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते ती क्लच पेडलच्या ब्रॅकेटसाठी नाहीतर गिअर रॉडसाठी. गिअरबॉक्स मिळतो हो, लाखांनी बनलेत. न मिळणारी वस्तू छोटी असते.

पहिली पायरी: तुमची गाडी नक्की काय आहे ते कागदावर घ्या

चासी नंबर, इंजिन नंबर आणि गिअरबॉक्सवरचा नंबर, तिन्हीचे साफ फोटो काढा. चासी नंबरात १२३.१२३ असेल तर २४०डी, १२३.१३० असेल तर ३००डी. इंजिन २४०डी चं ओएम ६१६ म्हणजे चार सिलिंडर, ३००डी चं ओएम ६१७ म्हणजे पाच सिलिंडर. इंजिन नंबर वाचताना एक गोष्ट खूप कामाची आहे, पहिल्या सहा आकड्यांनंतर जे दोन आकडे येतात ते स्टेअरिंग आणि गिअरबॉक्स सांगतात. १० म्हणजे डावं स्टेअरिंग मॅन्युअल, १२ म्हणजे डावं ऑटोमॅटिक, २० म्हणजे उजवं मॅन्युअल आणि २२ म्हणजे उजवं ऑटोमॅटिक. तुमच्या गाडीचं इंजिन बदललेलं नसेल तर २२ दिसेल. आणि हेच ज्ञान भंगारात पण वापरायचं, कोणी इंजिन पडलेलं दाखवलं आणि त्यावर २० असेल तर त्याला लगेच विचारा की याची बाकीची गाडी कुठे गेली, कारण ती गाडी उजव्या स्टेअरिंगची मॅन्युअल होती आणि तिच्यात तुम्हाला हवं ते सगळं होतं.

उजवं स्टेअरिंग हा या कामातला खरा गुंता आहे. अमेरिकेतले लोक हे कन्व्हर्जन कित्येक वर्षं करतायत, तिकडे ३००डी फक्त ऑटोमॅटिकमध्ये विकली आणि २४०डी मॅन्युअलमध्ये १९८३ पर्यंत मिळायची, मग ते एका भंगारातल्या २४०डी वरून सगळं काढून ३००डी ला लावतात. त्यांची माहिती वाचा, खूप शिकायला मिळतं, पण त्यांची पार्ट लिस्ट जशीच्या तशी उचलू नका. पेडल असेंब्ली, क्लचचा पाईप, क्लच मास्टरची, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरची, बसायची जागा, हे सगळं त्यांचं डाव्या स्टेअरिंगचं.

दुसरी पायरी: पूर्ण यादी, नंबरासकट

मर्सिडीजचा पार्ट नंबर समजला की अर्धं काम झालं. नंबरातले पहिले तीन आकडे म्हणजे तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी किंवा युनिटसाठी काढला, म्हणजे १२३ ने सुरू होणारा या गाडीचा, ११५ ने सुरू होणारा आधीच्या गाडीचा पण इथेही वापरलेला, ०००, ००१ वाले कॉमन पार्ट. त्यानंतरचे दोन आकडे म्हणजे ग्रुप. २४ म्हणजे इंजिन-गिअरचे फाउंडेशन (ज्या रबरी आधारावर ते बसतात), २५ क्लच, २६ मॅन्युअल गिअरबॉक्स, २७ ऑटोमॅटिक, २९ पेडल, ३५ मागचा अ‍ॅक्सल, ४१ प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा), ५४ इलेक्ट्रिक. ऑनलाईन पार्ट कॅटलॉगमध्ये आपला चासी नंबर टाकला की ऑटोमॅटिकचे पार्ट दिसतील, म्हणून तुमच्याच मॉडेलची, उजव्या स्टेअरिंगची, त्याच वर्षाच्या आसपासची मॅन्युअल गाडी निवडून २५, २६, २९, ४१ आणि २४ हे ग्रुप उघडा आणि चित्रासकट एकेक पान सेव्ह करा. चित्र महत्त्वाचं आहे, कारण भंगारवाल्याला नंबर सांगून उपयोग नसतो, चित्र दाखवलं की तो लगेच म्हणतो हा हे आहे आत पडलेलं.

यादीत काय काय येतं ते सांगतो. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या मागे फिरणारी जड चकती जिच्यावर क्लच बसतो, आणि त्याचे बोल्ट, ऑटोमॅटिकला फ्लायव्हील नसतं तिथे पातळ फ्लेक्स प्लेट असते. क्रँकच्या टोकात बसणारं पायलट बेअरिंग. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्क. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने फोर्क हलवणारा, त्याच्यामागची प्लास्टिकची खाचवाली शिम जिच्यावरून क्लच किती झिजला ते बाहेरून कळतं. क्लच मास्टर, मास्टरपासून स्लेव्हपर्यंतचा पाईप आणि होज, ब्रेक ऑइलच्या डबीतून मास्टरला येणारी नळी, कारण या गाडीत क्लचला वेगळी डबी नसते, ब्रेकच्याच डबीतून ऑइल येतं. पेडल असेंब्ली, म्हणजे क्लच पेडल, ते वर खेचणारी जाड स्प्रिंग, आणि अरुंद ब्रेक पेडल कारण ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं. गिअर लीव्हरची पूर्ण असेंब्ली, खालचे रॉड, त्यांचे बुश आणि क्लिपा. गिअरबॉक्स. गिअरचं फाउंडेशन आणि त्याची आडवी पट्टी. प्रोपेलर शाफ्टचा पुढचा भाग, कारण लांबी वेगळी. रबरी फ्लेक्स डिस्क. स्पीडोमीटरची केबल. रिव्हर्स लाईटचा स्विच. लीव्हरचं रबर बूट आणि कन्सोलची वरची प्लेट.

या यादीला शेजारी तीन खुणा करा, नवीन मिळतं, दुरुस्त होतं किंवा बनवता येतं, आणि फक्त जुनंच मिळेल. शोधाची सगळी ताकद तिसऱ्या खुणेवर लावायची.

तिसरी पायरी: जे नवीन मिळतं ते बाजूला काढा, पण लगेच विकत घेऊ नका

क्लचचा सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, झाक्स आणि लुक यांनी या गाड्यांसाठी वर्षानुवर्ष बनवलाय. हायड्रॉलिक मध्ये एफटीई आणि आटे, रबर आणि बुश मध्ये फेबी, लेमफॉर्डर, मायले. पायलट बेअरिंग हे साधं बॉल बेअरिंग आहे, जुन्यावरचा नंबर वाचा नाहीतर क्रँकच्या भोकाचं आणि इनपुट शाफ्टच्या टोकाचं माप घ्या आणि कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा. ऑइल सीलचं पण तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तीन आकडे सांगितले की सील मिळतं, मर्सिडीजच्या डबीतलंच पाहिजे असं नाही. गिअरबॉक्सच्या आतल्या बऱ्याच बेअरिंगवर पण स्टँडर्ड नंबर कोरलेले असतात.

लगेच घेऊ नका का म्हणतोय, तर क्लच कुठला हे फ्लायव्हील ठरवतं आणि प्लेटच्या मधल्या स्प्लाईन (खाचा) गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट ठरवतो. आधीच्या चार गिअरच्या बॉक्सचे, नंतरच्या चार गिअरवाल्यांचे आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या पाच गिअरच्या ७१७ वाल्यांचे फाउंडेशन, शाफ्टची लांबी, लिंकेज एकमेकांना चालतीलच असं नाही. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स हातात आल्यावरच क्लच घ्या.

पुण्या-मुंबईच्या माणसाला इथे एक मोठा फायदा आहे जो जगात कोणाला नाही. ओएम ६१६ इंजिन बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या लायसन्सवर आपल्याकडेच बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलर मध्ये घातलं. आज परदेशातले २४०डी वाले लोक आपल्याकडून गॅस्केट, पिस्टन असले इंजिनचे पार्ट मागवतात. म्हणून इंजिनच्या बाजूला जे आहे, क्रँकचं मागचं सील, फ्लायव्हीलचे बोल्ट, हे आधी टेम्पोच्या स्पेअरच्या दुकानात माप लावून बघा. फक्त एक सावधगिरी, इंजिन एकच आहे म्हणून ट्रॅक्सचा गिअरबॉक्स तसाच बसेल असं धरून चालू नका, तो त्या गाडीच्या चासीसाठी आणि तिच्या लीव्हरसाठी केलेला आहे. आणि फ्लायव्हील घेताना त्याची जाडी, रिंगचे दात आणि क्लच बसायची भोकं मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

चौथी पायरी: जे फक्त जुनंच मिळेल

यात खरे अडकवणारे चार, उजव्या स्टेअरिंगची पेडल असेंब्ली, गिअर लीव्हर आणि त्याचे रॉड, फ्लायव्हील, आणि गिअरचं फाउंडेशन पट्टीसकट. हे शक्यतो एकाच गाडीवरून घ्या. एका गाडीवरून आलेला सेट म्हणजे सगळे नटबोल्ट, वॉशर, पिना, छोट्या क्लिपा जागच्या जागी येतात, वेगवेगळ्या सात ठिकाणाहून जमवलेल्या सेटमध्ये नेमकी एक पिन कमी असते आणि ती पिन कुठल्याही दुकानात वेगळी मिळत नाही.

आपल्या देशात बघायच्या जागा माहितीच असतील तरी सांगतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठेतली स्पेअरची दुकानं आणि जुना बाजार, दिल्लीत मायापुरी आणि काश्मिरी गेट, चेन्नईत पुदुपेट्ट, कोलकात्यात मल्लिक बाजार. दिल्ली आणि मुंबईवर जास्त भर द्या, कारण तिथे वकिलातींच्या आणि हॉटेलांच्या मर्सिडीज होत्या. फोनवर विचारून काही होत नाही, स्वतः जायचं, छापलेली चित्रं घेऊन जायचं, आणि "मर्सिडीजचं क्लच पेडल आहे का" असं न विचारता "जुनी १२३ कापलेली आहे का, कोणाकडे होती" असं विचारायचं. पार्ट कुठे पडलाय हे दुकानदाराला आठवत नाही, पण गाडी कोणी कापली हे त्याला पक्कं आठवतं. जुन्या मर्सिडीजवर काम केलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पण जा, दुकानाच्या माळ्यावर काय असेल सांगता येत नाही, आणि त्यांच्याशी नीट बसून बोललात तर ते स्वतः चार फोन लावतात.

बाहेरच्या देशात उजवं स्टेअरिंग म्हणजे इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, केनिया, श्रीलंका. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा दक्षिण आफ्रिका, तिथे ईस्ट लंडनच्या कारखान्यात ही गाडी जोडली जायची आणि मॅन्युअल भरपूर विकली गेली. जे पार्ट डाव्या-उजव्यावर अवलंबून नाहीत, म्हणजे फ्लायव्हील, गिअरबॉक्स, फाउंडेशन, शाफ्ट, त्यांच्यासाठी जर्मनीच्या जुन्या वस्तूंच्या साईट बघा, तिथे शोधताना पार्टचं जर्मन नाव टाका आणि पार्ट नंबर दोन तऱ्हेने टाका, एकदा मधे जागा सोडून एकदा सलग, रिझल्ट वेगवेगळे येतात. कंपनीचं स्वतःचं क्लासिक सेंटर जर्मनीत फेलबाखला आहे, नंबर पाठवला की तो चालू आहे, बंद आहे की नवीन नंबराने बदललाय हे कळतं. बदललेला नंबर मिळाला तर जुना पुसू नका, दोन्ही लिहून ठेवा, जुन्या दुकानात जुनाच नंबर डबीवर असतो.

गल्फमध्ये कोणी नातेवाईक असेल तर शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातला जुन्या पार्टचा बाजार त्यांना बघायला सांगा, पण तिकडच्या गाड्या डाव्या स्टेअरिंगच्या, त्यामुळे पेडल सोडून बाकीचं.

मागवण्याआधी कस्टमचं बघा. वापरलेला माल भारतात आणणं हे रिस्ट्रिक्टेड मध्ये येतं, परवानगी लागते, म्हणून जुना गिअरबॉक्स पार्सलने मागवून मोकळं व्हायचं असं करू नका, आधी कस्टम एजंटशी बोला. नवीन छोटा पार्ट, सिलिंडर, बुश, शिम, यात तेवढी कटकट नसते.

पाचवी पायरी: पैसे देण्याआधी तपासणी

विकणाऱ्याकडून ठराविक फोटो मागा, तो पाठवेल ते बघून ठरवू नका. गिअरबॉक्सवर कोरलेला नंबर, इनपुट शाफ्टच्या स्प्लाईन जवळून, मागचा फ्लँज, आणि शक्य असेल तर ड्रेन प्लग उघडून ऑइलचा फोटो. ऑइल लालसर पातळ निघालं तर घाबरू नका, या चार गिअरच्या बॉक्समध्ये कंपनी ऑटोमॅटिकचंच एटीएफ ऑइल सांगते. त्यात कोणी जाड ९० नंबरचं ऑइल ओतलेलं असेल तर थंडीत गिअर पडायला जड जातात. ऑइलमध्ये पितळी चकाकी दिसली तर सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या रिंगा, झिजल्यात, भाव त्याप्रमाणे करा.

फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग आणि केसासारखे तडे बघा. पेडल असेंब्लीत पिनेचं भोक लांबट झालंय का. लीव्हरच्या असेंब्लीत सगळे आर्म आहेत का, चार गिअरच्या बॉक्सला तीन रॉड असतात, तिन्ही पाहिजेत. आणि जुना पण न वापरलेला डबीबंद हायड्रॉलिक सिलिंडर कोणी विकत असेल तर लक्षात घ्या की आतलं रबर तीस-चाळीस वर्षांचं आहे, किट टाकूनच वापरा.

सहावी पायरी: जे मिळतच नाही ते बनवून घ्या

क्लचचा पाईप हा पहिला उमेदवार. ब्रेक पाईप बनवणाऱ्याकडे दोन्ही टोकांचे नट घेऊन जा, आटे मोजून जुळवायचे, आणि पाईप गाडीवरच वळवून घ्यायचा. लीव्हरच्या रॉडचे बुश नायलॉन किंवा डेलरिन मध्ये लेथवर मस्त होतात. प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून देणारे लोक प्रत्येक मोठ्या ट्रान्सपोर्ट नगरात आहेत, फक्त कापायच्या आधी गिअरबॉक्स आणि फाउंडेशन गाडीत पक्के बसवून मग माप घ्या. फाउंडेशनची आडवी पट्टी पण बनते, जुन्या पट्टीचं माप किंवा कॅटलॉगचं चित्र पुढे ठेवून.

पेडल मात्र बनवू नका. ब्रेक पेडलला वेल्डिंग केलेली गाडी मी कोणाला चालवायला देणार नाही, त्याच्यासाठी वाट बघावी लागली तरी चालेल.

फ्लायव्हीलबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथेच चांगलं केलेलं काम बिघडतं. ही इंजिनं कारखान्यात फ्लेक्स प्लेटसकट बॅलन्स केलेली असतात, म्हणून दुसऱ्या इंजिनचं फ्लायव्हील नुसतं बोल्ट मारून बसवलं तर बसतं पण इंजिन थरथरतं, आणि २४०डी चं फ्लायव्हील ३००डी ला लावताना तर हे नक्कीच. उपाय असा की फ्लेक्स प्लेट काढायच्या आधी क्रँक आणि प्लेट दोघांवर पंचने खूण करायची, मग ती प्लेट आणि फ्लायव्हील दोन्ही बॅलन्सिंगवाल्याकडे न्यायची आणि सांगायचं की या प्लेटचा जो असमतोल आहे तोच, त्याच कोनात, या फ्लायव्हीलला द्या. त्याला मॅच बॅलन्स म्हणतात. झीरो बॅलन्स करून घेऊ नका, बरेच जण न विचारता तेच करतात. पुण्यात भोसरीला, कोल्हापूरच्या शिरोलीला असं काम समजणारे मशीन शॉप आहेत. बोल्ट नवीन वापरा, ते ताणले जाणारे बोल्ट आहेत.

सातवी पायरी: बसवताना लागणाऱ्या विसरल्या जाणाऱ्या वस्तू

ऑटोमॅटिक निघाल्यावर काही तोंडं उघडी राहतात. डिझेल गाडीत व्हॅक्यूमची नळी गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरला जात असते ती नीट बंद करा, ही इंजिनं बंद होतात तीच व्हॅक्यूमवर, गळती राहिली तर चावी काढूनही इंजिन चालूच. रेडिएटरमधली ऑइल कूलरची दोन तोंडं प्लगने बंद. न्यूट्रल स्विच, जो पार्क-न्यूट्रल शिवाय स्टार्ट होऊ देत नाही, त्याच्या स्टार्टच्या वायर जोडाव्या लागतात आणि रिव्हर्स लाईटच्या वायर मॅन्युअलच्या स्विचवर न्याव्या लागतात, म्हणून काढताना त्या स्विचचा कनेक्टर वायरसकट लांब कापून ठेवा. किकडाऊनचा (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारा) स्विच आणि केबल काढून टाका.

ब्रेक ऑइलच्या डबीला क्लचसाठीची नळी लावायचं तोंड बघा, बऱ्याच डब्यांना ते असतं पण बंद असतं, नसेल तर डबी पण यादीत टाका. आणि हवा काढताना पेडल मारत बसू नका. पुढच्या ब्रेक कॅलिपरच्या निपलपासून स्लेव्हच्या निपलपर्यंत पारदर्शक नळी लावायची, ब्रेक पेडल हळू दाबून ऑइल खालून वर ढकलायचं, हवा डबीतून निघून जाते. डबीवर लक्ष ठेवा, वरून वाहू देऊ नका.

मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो बघायचा राहू देऊ नका. २४०डी ला ३.६९, साध्या ३००डी ला ३.४६, अमेरिकन टर्बोला ३.०७ येतो, डिफरन्शियलच्या केसवर कोरलेला असतो. २४०डी मध्ये ३.६९ आणि चार गिअर म्हणजे गावात मस्त, एक्सप्रेसवेवर आवाज. पाच गिअरचा बॉक्स मिळाला तर तो प्रश्न सुटतो, म्हणून मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या, फक्त त्याचं लिंकेज आणि फाउंडेशन सोबतच घ्या.

कागदपत्रांचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे लेखी विचारून घ्या. इंजिन आणि चासी नंबर तेच राहणार आहेत, आणि मॅन्युअल हे कंपनीनेच या मॉडेलला दिलेलं होतं, हे दाखवायला कॅटलॉगची तीच पानं अर्जासोबत जोडा.

काढलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, फ्लेक्स प्लेट, रुंद पेडल, लीव्हर आणि प्रोपेलर शाफ्ट एका पेटीत नंबरच्या चिठ्ठ्या लावून ठेवा, भंगारात देऊ नका. पुढे गाडी मूळ रूपात आणायची झाली तर लागेल, आणि नाही लागली तरी ऑटोमॅटिक वाचवायची धडपड करणारा दुसरा कोणीतरी १२३ वाला तीच फ्लेक्स प्लेट शोधत फिरत असेल, बदल्यात त्याच्याकडे तुमच्या राहिलेल्या एखाद्या रॉडची जोडी निघू शकते.